जसं आहे तसं राहू द्या

लग्नात कॅमेरा घेऊन मी बोहल्यावर चढतो, नवरदेवाच्या काकांना कोपराने बाजूला सारतो, पंगतीत वाढप्याला थांबवतो. कुणी काही म्हणत नाही. उलट काकाच ‘सॉरी’ म्हणतात आणि केस नीट करतात. तोच कॅमेरा ट्रायपॉडवर लावून धुळ्यातल्या आग्रा रोडला उभा राहिलो, की चहाचे ग्लास हवेत थांबतात. नवरा नाही, नवरी नाही, नेता नाही. मग हा माणूस नुसत्या रस्त्याचा फोटो का काढतोय? आमच्या गावच्या समजुतीप्रमाणे असे फोटो तिघेच काढतात : अतिक्रमणवाले, विमेवाले आणि पेपरवाले. तिघांपैकी एकही घरी आलेला चांगला नाही.

धंदा माझा लग्नाचा. मुहूर्त नसतात तेव्हा हा उद्योग. शहरातल्या ठरावीक जागा, दर वर्षी, त्याच कोनातून टिपायच्या. पाच कंदील चौक, गल्ल्यांची तोंडं, पांझरेवरचा मोठा पूल. पाय तिथेच, उंची तीच, लेन्स तीच. बदलायचं ते फक्त शहराने, असा आमचा करार आहे. शहराला तो माहीत नाही, एवढंच.

ट्रायपॉडचे पाय उघडले की पहिला आवाज येतो तो शटरचा. कॅमेऱ्याच्या नव्हे, दुकानाच्या. साडी नेसवलेले पुतळे कंबरेत धरून आत ओढले जातात. बाहेरची खाट उभी होते. ताडपत्री गुंडाळली जाते. पुढे आलेली बादल्यांची उतरंड मागे सरकते आणि गल्लीला एकाएकी दोन्ही बाजूंनी हातभर रुंदी येते. मग मालक येतो.

“भाऊ, फोटू कसाले काढी ऱ्हायनात?”

“असंच. रस्त्याचा.”

“रस्ता रुंद व्हई का?”

“नाही हो. छंद आहे.”

“मंग मनाच दुकानना कसाले?”

छंद ही गोष्ट पन्नाशीच्या माणसाने भर बाजारात उघडपणे सांगण्यासारखी नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. मी गयावया करतो, की मला जसं आहे तसंच हवंय. पुतळे बाहेर आणा, खाट टाका, ताडपत्री सोडा. यावर तर संशय पक्काच होतो. पुरावा गोळा करतोय मेला!

परिणाम असा, की माझ्या संग्रहातलं धुळं विलक्षण शिस्तीचं आहे. प्रत्येक दुकान आपापल्या पायरीच्या आत, ओटे मोकळे, पदपथ रिकामे. उद्या कुणी अभ्यासकाने हे फोटो पाहिले, तर एकविसाव्या शतकातले धुळेकर किती कायदा पाळत, यावर तो प्रबंध लिहील. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं बरं होतं. ते गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची जुनी दप्तरं मागत. 1926 मध्ये ते धुळ्यातच वारले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ उभं राहिलं, कागद जपले गेले. माळ्यावरचे कागद लोक एक वेळ देतात. ओट्याचा फोटो देणार नाहीत.

खरं तर दुकानदारांची बाजूही ऐतिहासिक आहे. पेशवाई बुडाल्यावर 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्यालय म्हणून धुळं निवडलं, तेव्हा गावात घरं होती 401 आणि माणसं 2,509. पेठ वसेना, म्हणून साहेबाने व्यापाऱ्यांना बोलावून बोलावून जागा दिल्या. घर बांधायला उचल दिली, आणि जागेला भाडं नाही, कायमचं! आता ‘कायमचं’ म्हटल्यावर साहेब गेला काय आणि राहिला काय. जागा मिळाली ती भिंतीपर्यंत की गटारापर्यंत, की गटारापलीकडच्या मोटरसायकलपर्यंत, एवढाच काय तो मतभेद आहे, आणि त्याला उणीपुरी दोनशे वर्षं झाली.

घाबरणाऱ्यांपेक्षा अवघड जात म्हणजे उत्साही लोक. एका गल्लीत एक आजोबा मला पाहिल्याबरोबर खुर्ची घेऊन आले. मला वाटलं, चला, कुणीतरी कदर करणारं भेटलं. त्यांनी माझा दंड धरून मला चार पावलं डावीकडे नेलं. “आठेन घ्या. तेना ओटा बराबर येवाले पाहिजे.” तो म्हणजे शेजारी. शेजाऱ्याची मोरी, शेजाऱ्याचा जिना, शेजाऱ्याने वाढवलेला सज्जा, सगळं त्यांनी मला क्रमाने दाखवलं. तारीख छापून येईल ना, हेही विचारलं. शेजारी वरून बघत होता. तो खाली आला आणि म्हणाला, आता यांचापण घ्या. दोघांचे काढले. दोघांनाही प्रिंट हव्या होत्या, दोघांनीही पैसे दिले नाहीत.

जागा तीच ठेवायची म्हणतो, पण माझी जागा माझी थोडीच आहे? पाच कंदीलजवळ मी ज्या ओट्यावरून पहिल्यांदा फोटो काढला, तो ओटा गेला, त्याच्यावरचं घर गेलं, आणि आता बरोबर त्या बिंदूवर एका मोबाइलच्या दुकानाचा काउंटर आहे. दर वर्षी मी त्या पोराला विनंती करतो. तो दर वर्षी म्हणतो, काका, काउंटरच्या आत गिऱ्हाईक येत नसतं. मग मी मोबाइलला नवी काच बसवून घेतो आणि ती वाळेपर्यंत आतून फोटो काढतो. ही काच वाळत बिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

या सगळ्यात डोळ्यांपुढे आदर्श असावा तर चाळीसगावच्या केकी मूस यांचा. 1912 चा जन्म, 1989 ला गेले. मुंबई, विलायत बघून आलेला हा पारशी कलावंत चाळीसगावात स्टेशनाजवळच्या घरात येऊन राहिला आणि पुढची अनेक दशकं जवळजवळ घराबाहेर पडलाच नाही. टेबलावरच वस्तू मांडून, उजेडाचा खेळ करून अख्खी दृश्यं उभी करायची आणि टिपायची. टेबल-टॉप छायाचित्रणात त्यांनी देशाबाहेरही नाव कमावलं. त्या टेबलावर कुणी दुकानदार “कसाले काढी ऱ्हायनात” विचारायला आला नसणार. आमच्या सौभाग्यवतींना मी ही गोष्ट मोठ्या भक्तिभावाने सांगितली, तर त्या म्हणाल्या, “मग बसा की तुम्हीपण घरात. निदान मे महिन्यात.”

मे महिन्याचं त्यांचं बरोबर आहे. पारा चव्वेचाळीसला टेकला की आमच्याकडे रस्ता रिकामा असतो आणि पुतळे आत ओढायला कुणी बाहेर नसतं. काम तेव्हाच होतं. फक्त कॅमेरा हातात धरवत नाही.

पण अतिक्रमण, ऊन, शेजारी, हे सगळं परवडलं. खरा वैरी फ्लेक्स. एका गल्लीत सागवानी कोरीव काम असलेला दुमजली वाडा होता. खाली दगडी जोतं, वर नक्षीचे खांब, महिरपी. मला तो समोरून, सबंध हवा होता. पण समोरच्या दोन खांबांना एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. गॉगल, जोडलेले हात, भोवती शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो (त्यातले निम्मे माझ्याच स्टुडिओतले!). म्हटलं, वाढदिवस एका दिवसाचा. थांबू. त्यावर निवडीबद्दल अभिनंदनाचा आला. मग दिवाळी, मग संक्रांत, मग पुन्हा वाढदिवस. गॉगल बदलत गेला, वाडा काही दिसला नाही. शेवटी जसं आहे तसं, हे आपलंच ब्रीद म्हणून फ्लेक्ससकट फोटो काढला. पुढच्या वर्षी गेलो तर फ्लेक्स होता, मागे वाडा नव्हता.

तिथे आता सहा मजले उभे राहताहेत. मागच्या महिन्यात बिल्डरचा माणूस स्टुडिओत आला. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणे. नव्या इमारतीच्या लॉबीत जुन्या वाड्याचा मोठा फोटो लावायचाय, हेरिटेज लुक हवाय. मी फोटो काढून दिला. त्याने बराच वेळ पाहिला. म्हणाला, छान आहे, फक्त तारा काढून टाका, ती गाय काढा, पानाची टपरी काढा, मोटरसायकली काढा. मी म्हटलं, आणि हा फ्लेक्स?

“तो राहू द्या,” तो म्हणाला. “भाऊ आमचे पार्टनर आहेत. थोडा मोठा करता येईल का?”