फी माफ आहे, तरी उचल का घ्यावी लागते?

काल दुपारी आमच्या ज्युनिअर कॉलेजातून यंदा बारावी झालेली एक मुलगी घरी आली. सोबत आई. आईच्या हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि त्यात मुलीच्या आयुष्यातले सगळे कागद. सीईटीत मुलीला चांगले मार्क पडलेत आणि कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्याच राउंडला इंजिनिअरिंगचं कॉलेज मिळालंय. ओबीसी आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तरी कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, आत्ता तीस हजार भरा, सरकारकडून आले की परत देऊ. परवा रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायची, शेवटची तारीख.

आई म्हणाली, "मॅडम, मुकादमाला इचारलंय. उचल द्यायला तयार हाय त्यो."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ज्यांना उचल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार, हंगामाच्या आधीच रक्कम देतो, ती उचल. मग पहाटे उसाच्या फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची आणि ती रक्कम अंगानं फेडायची. आजारी पडलं तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. "आत्ता भरा, नंतर परत मिळतील" हे वाक्य खिडकीच्या आतून साधं वाटतं. बाहेर उभ्या असलेल्या बाईला त्याचा अर्थ कळतो, एक अख्खा हंगाम.

मी हे लांबून बघून लिहीत नाहीये. माझे आईवडीलही कोयताच होते. माझी पहिल्या वर्षाची फी उचलीतून गेली. शिष्यवृत्तीचा चेक आला तो दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर, तोवर आईनं तो हंगाम काढलाही होता. बाकी राहिली म्हणून कॉलेजनं परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत हॉलतिकीट अडवून धरलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसबाहेरच्या बाकावर चार तास बसले होते. पेपर काय गेला ते आज आठवत नाही, बाकाचा हिरवा रंग आठवतो.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. मुलींच्या फीमाफीचा निर्णय मोठा आहे, त्यानं कितीतरी घरांत "मुलीला इंजिनिअरिंगला घालू का" हा विचार पहिल्यांदा झाला. एससी, एसटी मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात नंबर न लागलेल्या एससी विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे. योजनांची वानवा नाही. पण घरात पहिल्यांदा शिकणारं पोरगं कॉलेजला लागतं की नाही, हे जुलै-ऑगस्टच्या पंधरा दिवसांत ठरतं, आणि त्या पंधरा दिवसांत यातली एकही योजना त्याच्या हातात रुपया ठेवत नाही.

शिवाय फीमाफी म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क वेगळं. खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, ड्रॉइंगचं साहित्य, एसटीचं भाडं, हे कुणी माफ करत नाही. सरकारी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत कॉलेज सुरू होऊन आठवडे उलटलेले असतात. तोवर पोरीनं राहायचं कुठं? ज्यांचं कुणी नातेवाईक शहरात नाही, त्या घरात याच प्रश्नावर चर्चा संपते आणि पोरीसाठी स्थळ बघायला सुरुवात होते.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. 'कमवा आणि शिका' तिथूनच आलं. त्यांनी आधी छप्पर आणि भाकरी बघितली, मग पुस्तक. आज आपण फीचा आकडा बघतो आणि भाकरीचं ज्याचं त्यानं बघावं म्हणतो.

कागदांचं तर विचारूच नका. त्या पिशवीतले कागद मी काल जमिनीवर पसरले. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, टीसी, दहावी-बारावीची मार्कशीट. बारावीच्या मार्कशीटवर आईचं नाव रुक्मिण, आधारवर रुक्मिणी. एवढ्या एका वेलांटीसाठी अर्ज परत येऊ शकतो. मुलीचं आधार आठवीत काढलेल्या खात्याला जोडलेलं, ते खातं कधीच बंद पडलंय. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात, म्हणजे हे आधी निस्तरायला हवं. अर्ज भरला की तो कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला, मग प्रिन्सिपल लॉगिनला, मग जिल्ह्याच्या डेस्कला. कुठून परत आला हे बघायला रोज पोर्टल उघडायचं. कुणाच्या घरात हे कळणारं माणूस असतं? ज्याचा बाप शिक्षक आहे त्याच्या घरात असतं. ज्याचा बाप हंगामभर कर्नाटकातल्या फडात कोपीत राहतो, त्याच्या सहीसाठी पोरगं कुठं जाणार?

म्हणून आम्ही गेली चार वर्षं एक करतो. आईबाप फडाला जायच्या आधी, सप्टेंबरमध्येच अकरावी-बारावीच्या पोरांचे कागद तपासतो. नावं जुळतात का, खातं चालू आहे का, दाखल्याची मुदत कधी संपते. दोन शिक्षक, एक शिपाई मामा आणि एक वही. यात पैसा लागत नाही, माणूस लागतो. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात असा एक माणूस नेमा आणि त्याच्या कामाच्या तासांत हे धरा, एवढी माझी मागणी आहे. शिकून शहरात गेलेल्यांनो, सुट्टीला गावी आलात की आपल्या शाळेत एक दिवस बसा. तुम्हाला जे फॉर्म भरताना कंटाळा येतो, त्या फॉर्मवर कुणाचं तरी वर्ष अडलेलं असतं.

कॉलेजवाले म्हणतात, सरकारकडून पैसे उशिरा येतात, आम्ही पगार कुठून करायचे? त्यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. सरकारनं संस्थांचे पैसे वेळेत द्यायलाच हवेत. पण तोवर उशिराचा भार कुणी सोसायचा? संस्थेला बँक कर्ज देते, व्याज लावते. या आईला फक्त मुकादम देतो. सरकार आणि कॉलेजच्या व्यवहारातला उशीर ऊस तोडणाऱ्या बाईच्या पाठीवर टाकणं मला कुठल्याही हिशेबानं पटत नाही. फीमाफीला पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी माफ असलेली रक्कम मागायचीच नाही, हा नियम प्रत्येक खिडकीवर मोठ्या अक्षरात लागला पाहिजे आणि तो मोडला तर तक्रार कुणाकडे करायची तो नंबर त्याच्याखाली.

"हुशार पोरं कशीही शिकतात" असं कमेंटमध्ये कुणी लिहिणार, ते मला माहीत आहे. निकाल लागले की पेपरात फोटो येतो, ऊसतोड मजुराची मुलगी डॉक्टर. मलाही तो बघून आनंद होतो. पण माझ्या बॅचमधल्या माझ्यापेक्षा हुशार दोन मुलींचा फोटो कुठंच आला नाही. एकीचं त्याच मे महिन्यात लग्न झालं, दुसरी आजही कोयत्यावर जाते. नवीन शैक्षणिक धोरण म्हणतं, २०३५ पर्यंत उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं. ती वाढणारी पोरं अशाच घरांतून यायची आहेत.

रात्री शासन निर्णयाची प्रिंट काढून ठेवलीय. उद्या सकाळी सातच्या एसटीनं मी आणि त्या मायलेकी कॉलेजला निघतोय, येताना बँकेत जाऊन आधारचंही बघू. मुकादमाला अजून हो म्हणू नका, एवढं ताईंना सांगितलंय.