पाण्याखाली आठ भाग

पाणबुडीवरची मालिका बघायचा हट्ट माझा होता. त्यासाठी मी घरात दोन आठवडे भुणभुण लावली होती. त्यामुळे मालिका पहिल्याच भागात गाळात गेली, तरी मला उठायची सोय नव्हती.

सुरुवातीलाच कॅप्टन ढांगा टाकत कॉरिडॉरमधून येतो. मागे चार अधिकारी, तेही एका रांगेत नाही, शेजारी शेजारी! डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीत समोरून माणूस आला तर दोघांना अंग चोरून सरकावं लागतं. बंक पुरत नाहीत म्हणून एक ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच्याच गरम अंथरुणात शिरतो. काहींची पथारी तर टॉर्पेडोंच्या शेजारी. इथे कॅप्टनच्या केबिनमध्ये बॅडमिंटन खेळता आलं असतं. शिवाय खिडकी. तिला पडदा.

"अहो, पाण्याखाली पडदा कशाला?" बायकोने विचारलं.

"मासे बघतात," मी म्हणालो. हट्ट माझा असल्यामुळे बचावही मलाच करायचा होता.

तिसऱ्या भागात शत्रूची पाणबुडी जवळ आली. "कुणीही आवाज करायचा नाही!" असं कॅप्टन बेंबीच्या देठापासून ओरडला. "येस सर!" सगळे त्याहून मोठ्याने ओरडले. पाणबुडी जगते ती कानांवर. आपण होऊन सोनारचा, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राचा, पिंग सोडायचा म्हणजे शत्रूला आपला पत्ता कळवायचा, म्हणून बहुतेक वेळ नुसतं ऐकत बसतात. मालिकेत मात्र पिंग हे पार्श्वसंगीत होतं. सोफ्याच्या कोपऱ्यात पेंगणारे सासरे दर पिंगला दचकून विचारायचे, "बुडाली का?"

"ती बुडण्यासाठीच असते, बाबा."

"मग ठीक," म्हणून पुन्हा घोरायला लागायचे. मालिकेचा खरा आनंद घेतला तो त्यांनीच.

पाचव्या भागात नायकाने तीनशे मीटर खोलीवरून बायकोला व्हिडिओ कॉल केला. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी टिकत नाहीत. अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरीसुद्धा थोड्याच खोलीपर्यंत पोचतात. आमच्या बाथरूममध्ये फोन लागत नाही, आणि याला तिथे बायकोच्या डोळ्यातलं पाणी स्पष्ट दिसत होतं.

मी खरं तर एका दोरीची वाट बघत होतो. नवख्या खलाशांना दाखवायला पाणबुडीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी ताणून बांधतात. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढत जातो, पोलादी कवच आवळलं जातं, आणि मघाशी ताठ असलेली दोरी हळूहळू मधोमध झोल खाते. कुणी काही बोलत नाही, सगळे त्या झोलाकडे बघत राहतात. आठ भागांत स्फोट अकरा झाले. दोरी नाही.

आठवा भाग संपला आणि पडद्यावर आकडे उलटे पळू लागले : दुसरा सीझन, दहा, नऊ... रिमोट बाबांच्या मांडीखाली. आम्ही दोघं श्वास रोखून वाकलो. बायकोने हळूच त्यांच्या शालीचं टोक उचललं, मी दोन बोटं आत सरकवली. पाच, चार... हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बोटांना रिमोटचं बटण लागलं.

पिंग.

"काय," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "आली का वर?"