मंगळवारी सकाळी ११ ला बंबावर कोण चढणार?

फायर ब्रिगेडमधे स्वयंसेवक म्हटलं की मला आधी वाटायचं हौशी मंडळी असणार, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी, म्हणजे पगारी लोक येईपर्यंत गर्दी हटवायची एवढंच यांचं काम. साफ चूक. अमेरिकेत ३ फायरफायटरमागे साधारण २ जण स्वयंसेवक आहेत, जर्मनीत मोठी शहरं सोडली तर जवळपास सगळीकडे हेच, आणि चिलीत तर अख्ख्या देशाची आग स्वयंसेवकच विझवतात, तेही स्वतः वर्गणी भरून! तिथलं पहिलं दल १८५१ चं, वाल्परायसो बंदरातलं.

बरं, समोर स्वयंसेवक आहेत म्हणून आग काही सावकाश पेटत नाही. हल्लीच्या फोम-प्लॅस्टिकच्या फर्निचरची खोली ५ मिनिटांच्या आत पूर्ण पेटू शकते. आणि बंब म्हणजे काही समुद्र नाही, टाकीत समजा २००० लिटर पाणी आहे आणि पाइप मिनिटाला ५०० लिटर फेकतोय, करा हिशोब, ४ मिनिटात खडखडाट. तेवढ्यात कुणीतरी हायड्रंट (रस्त्यावरचा, बंबाला पाणी देणारा नळ) जोडलेला हवा, नाहीतर दुसरा टँकर हवा. धुरात जायला दोघं, ते अडकले तर काढायला बाहेर तयारीत दोघं, पंपावर एक, आणि हे सगळं बघणारा एक. झाले की ६.

रात्री हे जमतं हो. पेजर वाजला की माणसं अंथरुणातून उठून पळतात, बंबखान्यात पँट बुटांवर गोळा करून ठेवलेलीच असते, दोन्ही पाय बुटात घालायचे आणि पँट वर ओढायची की झालं. खरी बोंब दिवसाची आहे. मंगळवारी सकाळी ११ ला यादीतली निम्मी माणसं ४० किलोमीटरवर ऑफिसात, एक मीटिंगमधे, एकाचा साहेब सोडत नाही, आणि जो आला त्याचं वय ६३, त्याला ब्रीदिंग सेट (पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क) लावून धुरात कोण पाठवणार? कागदावर ३० नावं आणि बंबापाशी ३ माणसं.

अमेरिकेत १९८४ साली जवळपास ९ लाख स्वयंसेवक होते, २०२० मधे पावणेसात लाखांच्या आसपास उरले. कॉल मात्र वाढतच गेले, आणि ते बहुतेक आगीचे नसतातच, कुणाच्या छातीत दुखतंय, कुठे अपघात, कुठे नुसताच अलार्म वाजलाय.

मग पगारी का नाही ठेवत? चांगला प्रश्न आहे, पण आठवड्याचे तास १६८. बंबावरची एक सीट २४ तास भरलेली ठेवायची तर ४-५ माणसं लागतात, म्हणजे ६ सीटना २५-३० पगार, आणि आग वर्षातून चार वेळा. छोट्या वस्तीला हे झेपत नाही, विषय संपला.

म्हणून मला त्या ‘रिअल हीरो’वाल्या कौतुकाचा वैताग येतो. कौतुक करायला पैसे पडत नाहीत ना! इकडे हीरो म्हणायचं आणि तिकडे त्यांनीच सोडतीची तिकिटं विकून हेल्मेटचे पैसे जमवायचे? हेल्मेट, बूट, विमा हे टॅक्समधूनच आलं पाहिजे. जर्मनीत कॉल आला की मालकाला माणूस सोडावाच लागतो, पगार कापता येत नाही, आणि खासगी मालकाला तो पगार पालिकेकडून परत मागता येतो. मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. आणि दिवसा घरी असतं कोण? वर्क फ्रॉम होमवाले, शिफ्टवाले, घर सांभाळणाऱ्या बायका. त्यांना कधी कुणी विचारलंय का? कितीतरी दलं अजून पुरुषांचा अड्डाच आहेत (हे लिहिलं की काही जण चिडणार, चिडा). सगळ्यांनी आगीत शिरायचं नसतं, पंप चालवायला, वायरलेसवर बसायला, हिशोब लिहायलाही माणूस लागतोच.

नाहीतर काय होतं, इंजिन सुरू, मागचं दार उघडं, तिघं आत बसलेत, आणि ड्रायव्हर आरशात बघतोय चौथा कुणी पळत येतोय का.