सुपरवायझर व्हायचं का? आधी परतीचा रस्ता विचारा

डिलिव्हरीच्या ड्रायव्हरला सुपरवायझरची जागा देऊ केली की लोक आधी अभिनंदन करतात आणि लगेच विचारतात, पगार कितीने वाढणार? जमलं नाही तर पुन्हा गाडीवर येता येईल का, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. मला सध्या अशी जागा देऊ केली आहे, विचार चालू आहे, आणि माझ्यासारखेच बरेच जण या वळणावर उभे असतील म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. गाडी उभी असताना वाचा.

ड्रायव्हरचं काम अवघड आहे, पण ते संपतं. शेवटचं पार्सल दिलं, जी गेली नाहीत ती परत जमा केली, रोख रकमेचा हिशोब दिला, स्कॅनर चार्जिंगला लावला, किल्ली ठेवली की दिवस आपला. उद्याचं उद्या. सुपरवायझरचा दिवस असा मिटत नाही. रात्री एखादी गाडी बंद पडली तर फोन त्याला, पहाटे कुणी आजारी पडला तर फोन त्याला, पार्सल हरवलं तर वरचेही त्यालाच विचारणार आणि खालचेही. आमचे सुपरवायझर रजेवर असतात तेव्हा अधूनमधून त्यांच्या खुर्चीत मला बसवतात, म्हणून हे ऐकीव सांगत नाहीये.

त्या खुर्चीत बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तिथलं मुख्य काम वाटणी करण्याचं आहे. माल, माणसं आणि गाड्या यांचा मेळ कागदावर बसतो, सकाळी प्रत्यक्षात कधीच बसत नाही. दोघं आले नाहीत, एक गाडी गॅरेजमध्ये, माल मात्र पूर्ण आलेला. मग आलेले नाहीत त्यांचे रूट फोडायचे आणि उरलेल्यांच्या डोक्यावर घालायचे. कुणाच्या? इथे खरी गंमत आहे. जो कटकट करतो त्याच्याकडे जायला नको वाटतं. जो हळू आहे त्याला दिलं तर माल परत येणार. मग आपसूक हात वळतो तो मुकाट्याने काम करणाऱ्याकडे. "तू घेशील ना रे हे?" आणि तो घेतो. रोज घेतो. बिनलिफ्टच्या इमारती, जड खोकी, जिथे गाडी लावायला जागा नाही तो भाग, हे सगळं हळूहळू एकाच माणसाच्या गाडीत जमा होतं, कारण त्याने कधी नाही म्हटलं नाही.

बरीच वर्षं तो माणूस मी होतो. त्यामुळे खुर्चीत बसलो की मी असं करणार नाही, असं मनाशी ठरवलं होतं. एका सकाळी जादा माल तोंडाळ गड्याला दिला. त्याने आवाज चढवला, अर्धा तास वाद घातला, तेवढ्यात बाकीच्या गाड्यांचं लोडिंग अडलं आणि सगळ्यांनाच निघायला उशीर झाला. वरून विचारणा झाली ती उशिराबद्दल. वाटणी न्याय्य होती का, याची चौकशी कुणी केली नाही आणि करणारही नाही, कारण तो आकडा कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतो. वेळेत किती गेलं, पहिल्या फेरीत किती पोचलं, किती परत आलं, एवढंच वर दिसतं. न्यायाने वागायचं असेल तर ते स्वतःच्या खर्चाने वागावं लागतं.

दुसरी गोष्ट बोलायला जरा अवघड आहे. आपल्यातला कोण दारापर्यंत न जाता रस्त्यावरूनच 'ग्राहक घरी नाही' दाबतो, हे आपल्याला माहीत असतं. ड्रायव्हर असताना आपण बोलत नाही. त्याचे गुडघे गेलेत, चौथा मजला आहे, घरात आजारपण आहे, हेही आपल्याला माहीत असतं. सुपरवायझर झालं की हीच माहिती ओझं होते. बोललात तर चुगलखोर, गप्प बसलात तर उद्या ग्राहकाची तक्रार आल्यावर तुमचंच नाव पुढे. काल जेवायला शेजारी बसणारा माणूस आज तुम्ही आलात की विषय बदलतो, आणि त्याचंही काही चुकत नाही. ज्यांना यार्डातल्या गप्पांशिवाय करमत नाही त्यांनी ही जागा घेण्याआधी याचा विचार पगाराच्या आधी करावा.

आता पगार. वाढ महिन्याच्या आकड्यावर सांगतात, म्हणून ती मोठी दिसते. हिशोब वर्षाचा करा आणि तासाचा करा. गेल्या वर्षभरात हातात खरोखर किती आलं ते सगळं मांडा: मूळ पगार, ओव्हरटाइम, गर्दीच्या हंगामातला जादा भत्ता, इन्सेंटिव्ह. त्याला खऱ्या तासांनी भागा. मग नव्या जागेचा ठरलेला पगार घ्या आणि तिथले खरे तास धरा, म्हणजे गाड्या सुटण्याआधीची वेळ, शेवटची गाडी परत येईपर्यंतची वेळ आणि घरी आल्यावरचे फोन. मी हे गणित केलं तेव्हा महिन्याचा आकडा वाढला होता आणि तासाचा जवळजवळ जिथल्या तिथे होता. तुमचं वेगळं येऊ शकेल. पण भागाकार केल्याशिवाय हो म्हणू नका.

तास मोजण्यावरून एक गोष्ट. युरोपात मालाचे मोठे ट्रक चालवणाऱ्यांना साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्यासारख्या छोट्या गाड्यांना सगळीकडे इतके कडक नियम नाहीत, तरी ड्रायव्हर दमला तर अपघात होतो एवढं जगाला मान्य आहे. दमलेल्या सुपरवायझरने सकाळी चुकीचा माणूस चुकीच्या रूटवर पाठवला तर त्याची नोंद कुठलं यंत्र ठेवणार? त्याचे तास बहुतेक ठिकाणी कुणी मोजतच नाही. कायद्याच्या नजरेतही हा माणूस मधल्यामधे लटकतो. अमेरिकेत १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने सुपरवायझरना कामगार संघटनेच्या कायदेशीर संरक्षणातून बाहेर काढलं आणि ते आजही बाहेर आहेत. तुमच्याकडे काय आहे ते सही करण्याआधी विचारून घ्या: ओव्हरटाइम राहतो का, युनियनचं सदस्यत्व राहतं का, नोकरीची ज्येष्ठता तीच धरतात की नव्याने मोजतात.

"शरीर किती दिवस साथ देणार?" हा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि तो खोटा नाही. माझी कंबर सकाळी मला वेगळी हजेरी लावायला लावते. पण खुर्ची म्हणजे आराम, हेही मला पटत नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. (पुढे १९५६ साली त्यांनीच गणवेशाची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीच्या वयातही कंडक्टरांपेक्षा जाड निघाली, म्हणजे सगळा दोष बसण्यालाच द्यायला नको. स्वतःचाच निष्कर्ष असा खोदून बघणारी माणसं मला आवडतात.) आपण डिलिव्हरीवाले एकाच अंगात ड्रायव्हर आणि कंडक्टर दोन्ही असतो. खुर्चीवर गेलो की अंगातला कंडक्टर सुटतो, बसणं तेवढं राहतं, आणि वर डोक्याचा ताण येतो. गुडघे वाचतील हे खरं. बाकीच्याची हमी कुणी देऊ नये.

मग असाही युक्तिवाद ऐकायला मिळतो, की तू इतका चांगला ड्रायव्हर आहेस, चांगला सुपरवायझर होशीलच. याला तर काहीच आधार नाही. २०१९ साली अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तिघा अभ्यासकांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांची माहिती तपासून एक शोधनिबंध छापला. ज्यांची विक्री जास्त त्यांना मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल होता, पण तेच लोक मॅनेजर म्हणून त्यामानाने कमी पडत होते. विक्री आणि डिलिव्हरी ही कामं वेगळी आहेत, पण मुद्दा लागू पडतो. माझ्याकडून माल परत येत नाही याचं कारण मी स्वतः तिसऱ्यांदा बेल वाजवतो, शेजारी विचारतो, फोन करतो. खुर्चीत बसून मी कुणाच्या तरी हाताने तिसऱ्यांदा बेल वाजवायची म्हटलं तर ती कशी वाजवणार? तिथे स्वतःचा हात आवरून दुसऱ्याला शिकवावं लागतं, आणि तो आपल्याइतकं नीट करणार नाही हे रोज सहन करावं लागतं. हे ज्याला जमतं त्याने जावं, मग तो ड्रायव्हर म्हणून मधला असला तरी चालेल.

आणि एक गोष्ट आपण उघड बोलत नाही. आपल्यातल्या कित्येकांनी हे काम धरलं ते गाडीचं दार लावल्यावर डोक्यावर कुणी नसतं म्हणूनच. आता ॲप आहे, जीपीएस आहे, कुठे किती मिनिटं थांबलो ते दिसतं, तरी दोन थांब्यांच्या मधली वेळ आपलीच असते. खुर्चीत ती वेळ नाही. मी तिथे बसलो की संध्याकाळी मला शांततेची भूक लागलेली असते. हिने परवा नेमकं सांगितलं, "आत्ता घरी येता तेव्हा दमलेले असता, पण आलेले तरी असता."

एवढं सगळं असून मी नकार का दिला नाही? कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लोडिंग उलट्या क्रमाने व्हायला हवं, जे शेवटी द्यायचं ते आधी आत जायला हवं, हे साधं पथ्य न पाळल्यामुळे आपण रोज गाडीत चढून खोकी उपसत बसतो. रूट आखणारं सॉफ्टवेअर अंतर बघतं, वॉचमन किती वेळ अडवतो ते बघत नाही. मुकाट माणसाच्या गाडीत जाणारा जादा माल. नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात पूर्ण रूट देऊन तोंडघशी पाडणं. यावर आम्ही यार्डात वर्षानुवर्षं बोलतोय. खुर्चीत रस्त्यावरचा माणूस बसला तर यातलं थोडं तरी बदलतं, हे मी पाहिलं आहे. आमचे आधीचे एक सुपरवायझर स्वतः गाडी चालवून वर गेलेले होते. नव्या माणसाला ते पहिले काही दिवस अर्धाच माल द्यायचे. त्यांच्या काळात नवी पोरं टिकायची.

पण खुर्चीला अधिकार आहे का, हे तपासायची माझी एक कसोटी आहे. ब्रेक लागत नसलेली गाडी सुपरवायझरला स्वतःच्या सहीने यार्डात उभी ठेवता येते का? त्यासाठी वर फोन करून परवानगी घ्यावी लागत असेल, आणि वरून "आजचा दिवस काढा" असं ऐकू येत असेल, तर ती जागा सुपरवायझरची नाही. ती दोष घ्यायला नेमलेल्या कारकुनाची आहे. तिथे कितीही पगार दिला तरी जाऊ नये, कारण ज्या दिवशी ती गाडी कुणाला धडकेल त्या दिवशी कागदावर नाव तुमचं असेल.

म्हणून मी तीन गोष्टी लेखी मागितल्या. गाडी थांबवायचा अधिकार. आठवड्याच्या सुट्टीला फोन दुसऱ्या कुणाकडे. आणि सहा महिन्यांच्या आत माझ्याकडून किंवा त्यांच्याकडून नको झालं तर माझी ड्रायव्हरची जागा, माझी ज्येष्ठता आणि माझा जुना पगार यांसह परत. पहिलीला ते लगेच तयार झाले, मला आश्चर्य वाटलं. दुसरीला थोडी घासाघीस झाली. तिसरी ऐकल्यावर मॅनेजर हसले. म्हणाले, "अरे, जायच्या आधीच परत यायचं बोलतोस? आत्मविश्वास हवा माणसात."

आत्मविश्वासाचा इथे काय संबंध? खुर्ची मला जमेल की नाही हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. अधूनमधून बदली म्हणून बसणं वेगळं, कारण तेव्हा सगळ्यांना माहीत असतं की हा चार दिवसांनी पुन्हा आपल्यातलाच. न जमणारा सुपरवायझर परतीची सोय नसेल तर काय करतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो खुर्चीला चिकटून बसतो, घाबरून वागतो, वरचं ओझं जसंच्या तसं खाली ढकलतो. परत यायची लाज नसेल आणि नुकसान नसेल तर तोच माणूस वेळेवर सांगेल, की हे माझं काम नाही, किल्ली द्या. यात कंपनीचाही फायदा आहे. एक चांगला ड्रायव्हर घालवून एक वाईट सुपरवायझर मिळवणं कुणाला परवडतं?

यार्डातले काही जण म्हणतात, ताणू नकोस, दुसऱ्याला देतील. देऊ देत. ज्याला बिनशर्त हवी आहे त्याने घ्यावी, माझा राग नाही. फक्त जागा घेतलेल्या दिवसापासून तो आपला शत्रू झाला असं समजून त्याच्याशी वागू नका. "झाला साहेब" म्हणून टोमणे मारून आपणच त्याला वरच्यांच्या बाजूला ढकलतो आणि मग तो बदलला म्हणून ओरडतो.

सध्या गोष्ट अशी आहे, की तिसऱ्या अटीवर तोंडी "बघू, करू काहीतरी" मिळालंय. मी म्हटलं, कागदावर द्या. महिनाअखेरीला उत्तर देतो म्हणालेत. कागद आला तर जाईन, नाही आला तर उद्याचा रूट आहेच.

तुमच्यापैकी कुणी सुपरवायझर होऊन पुन्हा गाडीवर आलं असेल तर खाली जरूर लिहा. विशेषतः हे सांगा, की परत आल्यावर पगार आणि ज्येष्ठता तीच राहिली का, आणि कागदावर नेमके काय शब्द लिहून घेतले होते. मला ते शब्द हवे आहेत.