पुटिका बाहेर पडते की फक्त तिच्यातला ऐवज?

'लाळग्रंथी विकरांनी भरलेल्या पुटिका तोंडात सोडतात आणि तेथे त्या फुटून पचन सुरू करतात', हे लाळेवरच्या एका लेखातील वाक्य मला खटकले (पुटिका म्हणजे आवरण असलेली सूक्ष्म पिशवी, विकर म्हणजे एन्झाइम), कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडून त्याची साखर करणारे लाळेतील विकर, ग्रंथीच्या पेशींमधील ज्या स्रावकणिकांत (साठवणीच्या पुटिकांत) साठवलेले असते, त्या तोंडापर्यंत येतच नाहीत. चेतासंस्थेचा संदेश मिळताच कणिकेचे आवरण पेशीच्या आवरणाशी एकरूप होते, आतील विकर नलिकेत सांडते आणि आवरण पेशीकडेच राहते. आमच्या गावाकडे कणगी रिकामी करताना धान्य तेवढे बाहेर काढतात, कणगी कोणी बाजारात नेत नाही, तसेच हे आहे. अखंड बाहेर पडतात त्या एक्झोसोम नावाच्या पुटिका, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, म्हणजे स्रावकणिकांहून कितीतरी लहान. त्यांच्या आवरणावरही काही विकरे आढळतात, पण भाकरीतील स्टार्च फोडणे हे त्यांचे काम नव्हे.

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवताना ज्वारीची भाकर चावून गोड लागेपर्यंत थांबण्याचा प्रयोग मी दरवर्षी करून घेतो. भाकर पाहिली की विकर तयार होऊ लागते, असे मीही बरीच वर्षे सांगत होतो (विद्यार्थ्यांनी ते निमूटपणे उतरवून घेतले, हे वेगळेच), वास्तविक ते आधीच बनवून कणिकांत भरून ठेवलेले असते. लेखात साठवणुकीच्या या टप्प्याबद्दल एक ओळही नाही.