अहिराणीमुळं इंग्रजी बिघडतं म्हणे!

"इंग्रजी सुधारायचंय? या सहा चुका आजच बंद करा" असा एक मेसेज धुळे-जळगावकडच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. 'प्रीपोन' हा शब्दच नाही. वाक्य 'अँड' किंवा 'बट'नं सुरू करू नये. वाक्याच्या शेवटी 'टू', 'विथ', 'फॉर' येऊ नये. 'हॅव'ला कधीच आयएनजी लावू नये. 'डिस्कस अबाउट' म्हणू नये. 'सिन्स फाइव्ह इयर्स' लिहू नये. आणि शेवटी ठळक अक्षरात: "आपल्याकडच्या मुलांच्या चुका अहिराणीमुळे होतात. घरात अहिराणी बंद करा."

सहांपैकी दोन मुद्दे बरोबर, एक अर्धामुर्धा. शेवटची ओळ साफ चूक, आणि पालक नेमकी तीच मनावर घेतायत. "सर, आता आम्ही पोराशी मराठीतच बोलतो," असं मला क्लासवर येऊन अभिमानानं सांगतात. आजीनं मग नातवाशी बोलायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही.

'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात आहे, भारतीय इंग्रजीतला म्हणून नोंदलेला. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात मीटिंग बिनधास्त प्रीपोन करा. बाहेरदेशी मेल धाडायचा असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा. विषय संपला.

'अँड'नं वाक्य सुरू करू नये म्हणणाऱ्यांनी १६११ सालचं किंग जेम्स बायबल उघडावं. पहिल्याच पानावर एकामागून एक वाक्यं 'अँड'नं सुरू होतात. लहान मुलं प्रत्येक वाक्याला 'अँड' जोडत सुटतात, म्हणून शाळेत बाई रागावतात. ते ठीकच आहे, पण तो व्याकरणाचा नियम नव्हे.

वाक्याच्या शेवटी 'टू' नको, हा हट्ट जॉन ड्रायडन या कवीचा. १६७२ मध्ये त्यानं नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांतले असे शेवट दोष म्हणून दाखवले आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातलेही बदलले. लॅटिनची ऐट इंग्रजीवर लादायचा तो काळ होता. इंग्रज माणूस आजही 'हू आर यू टॉकिंग टू?' असंच विचारतो.

आता 'हॅव'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' चूकच, कारण तिथं 'हॅव' म्हणजे जवळ असणं. पण 'वी आर हॅविंग लंच' अगदी शुद्ध, कारण तिथं जेवण चाललंय. मेसेजातलं 'कधीच' वाचून एका मुलीनं वहीतलं स्वतःचं बरोबर वाक्य खोडलं आणि वर 'वी हॅव लंच नाऊ' लिहिलं. असला अर्धा नियम काही नसण्यापेक्षा वाईट.

'डिस्कस अबाउट' खरोखर चूक. 'डिस्कस द प्रॉब्लेम' पुरे. पण ती येते कुठून? आपण अमुक गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' आपोआप चिकटतं. तसंच 'त्याच्याशी लग्न झालं' म्हणून 'मॅरीड विथ', खरं हवं 'मॅरीड टू'. 'मला सांगितलं' म्हणून 'टोल्ड टू मी', हवं नुसतं 'टोल्ड मी'. ही सगळी प्रमाण मराठीची देणगी आहे, सदाशिव पेठेतही तितकीच सापडेल.

'सिन्स फाइव्ह इयर्स'चं तर आणखी मजेशीर. आपण '२०१९ पासून' म्हणतो आणि 'पाच वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. म्हणून 'सिन्स २०१९' पण 'फॉर फाइव्ह इयर्स'. वर क्रियापदही बदलतं: 'आय अ‍ॅम लिव्हिंग' नाही, 'आय हॅव बीन लिव्हिंग'. जर्मन लोकांच्या भाषेतही दोन्हींना एकच शब्द, म्हणून इंग्रजी शिकताना तेही हमखास इथंच घसरतात. त्यांच्या घरात कोण अहिराणी बोलतं?

'अ' आणि 'द' गाळायची सवयही अशीच. अहिराणीत ते नाहीत, मराठीत नाहीत आणि रशियनमध्येही नाहीत.

मुळात अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हे गृहीतच कच्चं. ब्रिटिश काळात भारतातल्या भाषांची नोंद करणाऱ्या ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड आहे. अहिराणी जिच्यात मोडते ती खानदेशी मात्र नवव्या खंडात, भिल्ली भाषांच्या सोबत. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, बोलणारे १८ लाखांवर. मराठीशी तिचं नातं नेमकं किती जवळचं यावर विद्वान भांडत राहोत. तिला स्वतःचं व्याकरण आहे, एवढं तरी कुणी नाकारू नये.

आणि ते व्याकरण इंग्रजीच्या कामाला येतं. 'मी रोज शायमा (शाळेत) जास' आणि 'मी आते (आत्ता) शायमा जाई ऱ्हायनू'. पहिलं 'आय गो', दुसरं 'आय अ‍ॅम गोइंग'. प्रमाण मराठीत 'मी जातो' म्हणत माणूस उठून निघूनही जातो. अहिराणीत रोजचं आणि आत्ताचं असं सरमिसळ होत नाही. 'माले माहीत शे' म्हणणारं पोर 'माहीत'ला 'ऱ्हायनू' कधी लावत नाही. मग 'आय अ‍ॅम नोइंग' त्याच्या तोंडी येतं ते वर्गात प्रत्येक क्रियापदाला आयएनजी लावून घोकल्यामुळं, आजीमुळं नव्हे. मी काळ शिकवताना फळ्यावर आधी ही दोन अहिराणी वाक्यं लिहितो, खाली इंग्रजी. पारोळ्याच्या पोरांना 'सिंपल' आणि 'कंटिन्युअस' ही नावं पाठ व्हायच्या आधी फरक कळलेला असतो.

राहिला उच्चार. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी. त्यावरून मुलांना हसणारे हसतात. इंग्रजीत 'ळ' आहे कुठं?