हायड्रॉक्सियुरिया बंद करू नका, आणि बिटाच्या रसाचा हिशोब एकदा मांडून बघा

गेल्या आठवड्यात एक मेसेज एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाच्या ग्रुपवर येऊन पडला आणि तिथून कितीतरी घरी पोचला. त्यात म्हटलंय ते असं: रक्त कमी म्हणजे लोह कमी, तपासण्या कशाला, बीट-डाळिंबाच्या रसाने सात दिवसांत हिमोग्लोबिन 7 वरून 12, भाजी लोखंडी कढईत करा, फॉलिक ॲसिड कुणीही घ्यावं, अपाय नाही, आणि सिकलसेलच्या पेशंटने हायड्रॉक्सियुरिया बंद करावं, कारण ते कॅन्सरचं औषध आहे. हे शेवटचं वाक्य विदर्भात फिरतंय, जिथे गावोगाव सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट आहेत. म्हणून आधी तेच.

हायड्रॉक्सियुरिया काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात, हे खरं. मेथोट्रेक्सेटही देतात, आणि तेच औषध आमवातात आठवड्यातून एकदा दिलं जातं. कुठल्या आजारात, किती डोसने आणि कशासाठी, हे बघायचं असतं. सिकलसेलमध्ये हे औषध एचबीएफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, वाढवतं. पेशीत एचबीएफ असलं की ऑक्सिजन उतरल्यावरही एचबीएसचे, म्हणजे सिकलसेलमधल्या सदोष हिमोग्लोबिनचे, रेणू एकमेकांना सहज चिकटत नाहीत, पेशी विळ्यासारखी वाकत नाही आणि बारीक रक्तवाहिनीत अडकत नाही. पुराव्यासाठी नागपूरबाहेर जायची गरज नाही. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी 60 मुलांवर केलेली चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम, दुसऱ्याला नुसती दिसायला तशीच गोळी, असं 18 महिने. औषध घेणाऱ्या गटात वेदनेचे झटके सुमारे 95 टक्क्यांनी कमी झाले. हे औषध मनाने बंद केलं की काही आठवड्यांत एचबीएफ उतरतं आणि झटके परत येतात. झटका छातीत गेला तर पेशंट अतिदक्षता विभागात पोचतो.

काळजी घ्यायची असतेच. सुरुवातीला दर चार आठवड्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. प्लेटलेट 80,000 च्या खाली गेल्या किंवा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) फार घसरले तर औषध थांबवायचं, आकडे सावरले की कमी डोसने पुन्हा सुरू करायचं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही.

आता बीट. 50 किलोच्या बाईचं हिमोग्लोबिन 7 वरून 12 करायला 50 × 5 × 2.4 (वजन × वाढवायचं हिमोग्लोबिन × ठरलेला गुणक), म्हणजे 600 मिलिग्रॅम लोह लागतं. साठा भरायचा तो वेगळाच. 100 ग्रॅम बिटात लोह सुमारे 0.8 मिलिग्रॅम, डाळिंबात त्याहून कमी. पाव किलो बिटाचा रस रोज प्यायला तर पोटात 2 मिलिग्रॅम जातं, त्यातलं पाच टक्के शोषलं जातं असं धरा, म्हणजे 0.1. सात दिवसांत 0.7 मिलिग्रॅम. लागणार 600! लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या तरी आठवड्याभरात फार तर रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, वाढलेले दिसतात. हिमोग्लोबिन साधारण तीन-चार आठवड्यांत 2 ग्रॅमने चढतं. रस लाल, रक्त लाल, यापलीकडे या दाव्याला आधार नाही.

‘रक्त कमी म्हणजे लोह कमी’ हे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पुढे पाठवावं, याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. पहिला: हिमोग्लोबिन 8.4, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) 70, तांबड्या पेशी 39 लाख. दुसरा: हिमोग्लोबिन 11.2, एमसीव्ही 64, तांबड्या पेशी 56 लाख. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशींच्या आकड्याने (3.9 आणि 5.6) भागा: पहिल्यात 18, दुसऱ्यात साडेअकरा. 13 च्या खाली आलं की बीटा थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) वाहकाचा संशय घ्यायचा, एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायची आणि त्यातला एचबीए2 हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आहे का बघायचं. लोह कमी असेल तर एचबीए2 खोटं खाली दिसू शकतं, म्हणून फेरिटिनही, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणीही, हवी. वाहकाला फेरिटिन न बघता महिनोन्‌महिने लोह देण्यात काहीच अर्थ नाही. थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या, मुलाला तर रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर 200 मिलिग्रॅमच्या वर लोह मिळतंच. वरून गोळ्या म्हणजे यकृत आणि हृदयावर भार.

सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्त द्रावणात मिसळून करायची पहिली चाचणी, तीही नीट समजून घ्या. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पॉझिटिव्ह. पण गढूळ नळी वाहक कोण आणि पेशंट कोण हे सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवरच (हीही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी).

फॉलिक ॲसिडबद्दल एवढंच: बी12 कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि मज्जारज्जूचं नुकसान मात्र चालूच राहतं. एमसीव्ही 100 च्या वर असेल तर आधी बी12 तपासा.

लोखंडी कढईचं म्हणणं अर्धं मान्य. आंबट भाजी, अंबाडीची किंवा टोमॅटोची, त्यात शिजवली की थोडं लोह उतरतं. जेवणासोबत संत्रं किंवा लिंबू घेतलं की शोषण वाढतं, लगेच चहा घेतला की बरंच घटतं. ही सवय चांगली आहे, पण हिमोग्लोबिन 7 असलेल्या पेशंटचा उपचार कढईने होत नाही.

ज्यांनी मेसेज पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच दुरुस्ती टाकावी. आणि तो वाचून कुणी हायड्रॉक्सियुरिया बंद केलं असेल, तर सीबीसी करून याच आठवड्यात त्यांना सिकलसेलच्या ओपीडीत घेऊन जावं.